वाट पाहणे

मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणजे कोणासाठी तरी थांबून राहणे. हा अर्थ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातली मूळ क्रिया, म्हणजे डोळे उघडे ठेवून रस्ता न्याहाळणे, ध्यानातही येत नाही. गेल्या वर्षभरात आम्हांला ही क्रिया दोन्ही अर्थांनी करावी लागली. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या दरम्यानच्या सड्यांवरून ऐन हिवाळ्यात लांब पल्ल्याची पायी शर्यत काढता येईल काय, आणि काढायची तर तिची वाट कोठून न्यावी, असा प्रश्न आमच्या परिचयातील काही धावणाऱ्या मंडळींनी टाकला. आम्ही धावणारे नव्हे. आम्ही पडलो साहित्य शिकविणारे. चालण्याची आवड आणि या भागातील चार माणसांची ओळख एवढेच आमचे भांडवल. तरीही आम्ही होकार दिला, आणि त्या वाटपाहणीतून आमचे जे मत झाले ते येथे मांडीत आहोत. मत असे, की हिवाळ्यात धावायच्या वाटेची पाहणी पावसाळ्यात झाली पाहिजे. आणि निदान एक आख्खा पावसाळा पाहिल्याखेरीज कोणीही सड्यावर रेघ ओढू नये.

अशा पूर्वपाहणीला हल्ली ‘रेकी’ म्हणतात. वृत्तपत्रांनी हा शब्द मराठीत रुळवला तो घरफोडे आणि घातपाती यांच्या संगतीत, त्यामुळे आम्ही ‘सड्याची रेकी करायला आलो आहोत’ असे एका वाडीत सांगितले तेव्हा पडवीतल्या म्हातारीने आधी कोंबड्या खुराड्यात घातल्या. ‘टेहळणी’ हा आपला जुना शब्द आहे, पण तो शत्रू गृहीत धरून चालतो. म्हणून आम्ही ‘वाटपाहणी’ वापरतो. शब्द ओबडधोबड आहे, चालवून घ्यावा.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोकण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळी, खाडी आणि कौलारू घर उभे राहते. ती सारी तळाची, वाडीतली चित्रे. वाडीच्या मागची घाटी चढून वर आले की दृश्य एकाएकी पालटते. वर पसरलेले असते जांभ्या दगडाचे सपाट पठार: झाड क्वचित, माती बोटभर, आणि क्षितिजापर्यंत तांबूस-काळा कातळ. हाच सडा. दोन खाड्यांच्या मध्ये एक सडा आणि दोन सड्यांच्या मध्ये एक खाडी, असा हा प्रदेश दक्षिणेकडे घड्या पडत जातो. भाट्याची खाडी ओलांडली की गोळपचा सडा, पुढे पावस, मग पूर्णगडची मुचकुंदीची खाडी, तिच्या पलीकडे गावखडी, कशेळी, आडिवरे, आणि तेथून पूर्वेकडे वळून देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू, राजापूर. ज्यांना इंग्रजी कादंबऱ्यांमुळे ‘मूर’ ठाऊक आहे त्यांनी त्याच्याशी सड्याचे नाते जोडायला हरकत नाही. तेथे ओली पीट-माती आणि गारठा, येथे जांभा आणि डिसेंबरातही भर दुपारी तापणारा कातळ, हा फरक आहेच. पण उघडेपणा तोच, वारा तोच, आणि दिशा हरवण्याची भीतीही तीच.

‘सडा’ या शब्दाला मराठीत आणखी अर्थ आहेत. अंगणात घालतात तो सडा आहेच. शिवाय एकटा, पाश नसलेला, ओझ्यावाचूनचा असाही एक आहे. सडाफटिंग माणूस, सडी फौज. बाजारबुणगे आणि सामानसुमान मागे ठेवून निघालेल्या स्वारांना जुन्या मराठीत सडे स्वार म्हणत. लांब पल्ल्याच्या धावपटूला याहून नेमके विशेषण आम्हांला सुचत नाही. पाठीवर पाण्याची पिशवी, कपाळावर दिवा आणि रात्रभर एकट्याने कापायची वाट. हे दोन ‘सडे’ व्युत्पत्तीने एकमेकांचे कोणी लागतात की नाही हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. आम्हांला त्यांची सोयरीक पटते.

शर्यत ही कल्पना आमच्या मित्रांनी बाहेरून उचलली होती आणि ते त्यांनी लपवलेही नाही. इंग्लंडच्या कण्यासारख्या पसरलेल्या पेनाइन डोंगररांगेवरून ‘स्पाइन रेस’ नावाची शर्यत 2012 पासून ऐन जानेवारीत होते. अंतर 268 मैल, म्हणजे सुमारे 431 किलोमीटर. मुदत सात दिवसांची. 2019 साली ती जास्मिन पॅरिस या महिलेने 83 तास 12 मिनिटांत सर्वांच्या आधी पूर्ण केली, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती आपल्या तान्ह्या मुलीसाठी दूध काढून ठेवीत होती, ही हकीकत सर्वत्र गाजली. आपल्याकडेही पुण्याजवळ सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरशर्यत होते, सातारच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन 2012 पासून चालू आहे. मग सड्यावर का नको, हा प्रश्न रास्तच होता.

परंतु पेनाइनच्या वाटेचा इतिहास शर्यतीपेक्षा अधिक बोधक आहे. टॉम स्टीव्हन्सन या पत्रकाराने 1935 साली एका वृत्तपत्रीय लेखात अशी एक लांब पायवाट असावी असे लिहिले. ती वाट अधिकृतपणे खुली झाली 1965 साली. तीस वर्षे. दरम्यान जमीनमालकांशी वाटाघाटी झाल्या, जुने हक्क शोधले गेले, कायदा झाला. आणि इतके करूनही पुढे चालणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा पीटची माती पायांखाली अशी चिखलली की ठिकठिकाणी बंद पडलेल्या गिरण्यांच्या फरश्या आणून अंथराव्या लागल्या. याच वाटेवर हॉवर्थजवळ टॉप विदन्स नावाचे एक पडके शेतघर लागते. एमिली ब्राँटेच्या 1847च्या कादंबरीतील घराशी लोक त्याचे नाते जोडतात. घर वर्णनाशी फारसे जुळत नाही, तरीही तेथे माणसे येतात. म्हणजे त्या माळावर शर्यतीच्या आधी वाट आली आणि वाटेच्या आधी कादंबरी. माळ मोकळा असला तरी वाचला गेलेला होता.

आमचा सडा मात्र वाचलेलाच नाही. मराठी कादंबरीने कोकण भरभरून लिहिले. श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ 1952चा, गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ 1955ची, चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याच लाल मातीतून भय काढून दाखवले. पण एकूण पाहता आमचे मत असे झाले आहे, की मराठी कथाकाराच्या लेखी सडा ही ओलांडायची जागा आहे, राहायची वा पाहायची नव्हे. पात्र घाटी चढते, सडा ‘तुडवते’ आणि पलीकडच्या गावात उतरते. मधले दोन कोस एका वाक्यात संपतात. याला अपवाद असतील. विद्यार्थ्यांनी शोधून आमच्या तोंडावर मारावेत, आम्हांला आनंदच होईल.

लोकवाङ्मयाने मात्र सड्याची दखल घेतली आहे, आणि ती चकव्याच्या रूपाने. रात्री सडा ओलांडणाऱ्याला चकवा लागतो. तो रात्रभर चालत राहतो आणि उजाडल्यावर पाहतो तर निघाला त्याच करवंदीच्या जाळीपाशी उभा. आपण या गोष्टी भुताखेतांच्या खात्यात टाकून मोकळे झालो. वाटपाहणीच्या दुसऱ्याच रात्री आम्हांला कळले की हे वाटचुकीचे अत्यंत वास्तववादी वर्णन आहे. सड्यावर चढ नाही की उतार नाही, ओढ्याचा आवाज नाही, कानाला लागणारा समुद्र वाऱ्याप्रमाणे कधी डावीकडे तर कधी पाठीमागे. खुणेला धरावे तर दगड सारखेच. अशा ठिकाणी माणूस आपण सरळ चाललो आहोत अशा खात्रीने गोल फिरतो. देवाच्या गोठण्याच्या सड्यावर तर एका कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुईदेखील आपली दिशा सोडते. याची चर्चा बरीच झाली आहे आणि आम्हीही ते पाहिले. हातात उपग्रहाशी बोलणारे यंत्र असल्यामुळे आमचे काही बिघडले नाही; पण ज्याने ‘चकवा’ हा शब्द घडवला त्याच्या निरीक्षणशक्तीविषयी आमचा आदर वाढला.

आता त्या यंत्राविषयी. आमच्या मित्रांनी शर्यतीची पहिली रेघ घरबसल्या ओढली होती, उपग्रहाने टिपलेल्या चित्रावर. काम सुबक होते. पण अशा चित्रांत एक खोट असते आणि ती आम्हांला कातळावर उभे राहिल्यावर उमगली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात आभाळ झाकलेले. साहजिकच जमिनीची स्वच्छ चित्रे मिळतात ती कोरड्या महिन्यांतली. म्हणजे नकाशाला ठाऊक असलेला सडा हा कायम हिवाळ्या-उन्हाळ्यातला सडा आहे: तपकिरी, उघडा, रिकामा. देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे अशा चित्रांवरून तयार होतात त्यांत ‘ओसाड खडकाळ’ असा वर्गच आहे. महसुली दप्तरातला ‘पोटखराबा’ हा शब्द त्याच्याही आधीचा. एकाच ऋतूत केलेले वाचन दोन्हीकडे प्रमाण मानले गेले आहे. एकाच, तीही फाटक्या, हस्तलिखितावरून संहिता ठरविणाऱ्या संपादकाला आपण वर्गात काय म्हणतो ते आठवावे.

मार्गशीर्षातली आमची पहिली फेरीही त्याच चुकीची होती. गवत कापून झालेले, काही ठिकाणी वणव्याने काळे पडलेले. वाट कोठूनही जावी अशी स्थिती. अडथळे आले ते माणसांनी केलेले. कलमांच्या बागांना आता जागोजाग तारेची कुंपणे आहेत; सुरुंगाने कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून सड्यावरच आंबा लावलेला आहे. पौषापासून मोहर सांभाळायचा, फवारण्या करायच्या, बागेत रखवालदार आणि त्यांचे कुत्रे. अशा वेळी शेकडो अनोळखी माणसे रात्री दिवे लावून बागेतून धावणार म्हटल्यावर बागायतदार काय म्हणेल ते सांगायला नको. आणि चिरेखाणी. जुन्या पाखाडीवरून आम्ही निवांत चाललो असता पायाखालची वाट एकाएकी संपली आणि खाली दोन पुरुष खोल, करवतीने कापल्यासारखा चौकोनी खड्डा. रात्री धावणाऱ्यासाठी याहून वाईट काही नाही. बाजूला गुरे राखणाऱ्या आजोबांना विचारले. ते म्हणाले, “वाट होती. खाणीन खाल्लीन.” याहून मोजके संपादकीय आम्ही बरेच दिवसांत वाचलेले नाही.

त्या आजोबांनीच आमची रेघ बदलायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे असे, की नकाशातली वाट ‘गाडीवाल्यांनी’ काढलेली आहे. पायांची वाट वेगळी. पायांची वाट पाणी धरून जाते. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपत जाते आणि सड्याच्या कुशीत, वाडीच्या डोक्यावर, झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून जुन्या पाखाड्या सड्याच्या मधोमध न जाता कडेकडेने जातात आणि प्रत्येक घाटीच्या तोंडाशी विसाव्याची जागा असते. शिमग्यात पालखी ज्या वाटांनी फिरते त्या वाटा दर वर्षी साफ होतात. मग आम्ही गावोगाव पालखीच्या वाटा विचारू लागलो, आणि आश्चर्य म्हणजे माणसे खुलून बोलू लागली. एके ठिकाणी एवढीच अट पडली, की शर्यत सुटण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालावे. आमच्यातील एका बुद्धिवादी मित्राने भुवया उंचावल्या. आम्हांला अट वाजवी वाटली. परक्याच्या हद्दीतून जाताना सांगून जावे, याचे ते जुने व्याकरण आहे.

हीच रीत कातळशिल्पांच्या शोधातही उपयोगी पडलेली आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात रत्नागिरीच्या सड्यांवर जी हजाराहून अधिक शिल्पे उजेडात आणली, ती यंत्रांच्या बळावर कमी आणि गुराखी, शेतकरी, शाळकरी मुले यांना विचारत फिरल्यामुळे अधिक. कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे, त्याच्या अंगाखांद्यावर आणि पोटात कितीतरी प्राणी कोरलेले. माणसाच्या उंचीवरून तो एका दृष्टिक्षेपात दिसतच नाही. त्याच्याभोवती चालावे लागते. 2022 साली महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीबाहेरची, गवताखाली, मातीच्या पापुद्र्याखाली असलेली किती आहेत? आमच्या मित्रांची मूळ रेघ अशा दोन कातळांवरून जात होती. तेथे काही आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आम्हांलाही गावातल्या एका मुलीने झाडूने धूळ बाजूला केली तेव्हा दिसले. शर्यतवाले वळणावर चुन्याचा फराटा मारतात, दगडावर रंगाने बाण काढतात. कोरीव कातळावर रंगीत बाण! हजारो वर्षे टिकलेल्या संहितेवर परीक्षकाने लाल शाईने खूण करावी तसा.

आषाढात आम्ही पुन्हा गेलो, छत्र्या उडू द्यायला. ज्या कातळावर मार्गशीर्षात काही म्हणजे काही नव्हते तेथे घोटाभर पाण्याची डबकी होती आणि डबक्यांत बेडकांची पिले. भेगांतून दिपकाडीचे पांढरे तुरे वर आलेले. ही वनस्पती प्रामुख्याने कोकणच्या याच जांभ्या सड्यांवर वाढते. फुलणे पावसाच्या आरंभी थोडे दिवस, बाकी वर्षभर तिचा कांदा बोटभर मातीत झोपलेला. भाद्रपदात गेलो तेव्हा सीतेच्या आसवांची निळाई, गेंदांची पांढरी बटणे, आणि उथळ खळग्यांत साठलेल्या मातीत लोकांनी केलेले भात. म्हणजे आमच्या रेघेवर कोणाची तरी शेते होती. हिवाळ्यात ती दिसत नव्हती एवढेच. कांदाही दिसत नव्हता. आणि हिवाळ्यातला बूट नेमका त्या बोटभर मातीवर पडतो, कारण धावणाऱ्याला टोकदार कातळापेक्षा मऊ माती बरी वाटते.

यावर आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एक दिवस काही शे माणसे पळून गेल्याने सड्याचे काय होणार? त्याच सड्यावर चिरेखाणींची यंत्रे रोज चालतात. बारसूच्या सड्यावर एप्रिल 2023 मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी उन्हात कातळावर येऊन बसले. तेव्हा तुमच्या दिपकाडीला कोणी विचारले होते? उलट शर्यत झाली, लोक आले, तर सडा ओसाड नाही हे तरी जगाला कळेल. आमच्या मित्रांचे हेच म्हणणे होते आणि त्यातले अर्धे आम्हांला मान्य आहे. जी जागा कोणाच्या बोलण्यात नाही ती जागा कागदावर सहज संपते. सड्यावरून माणसे चालावीत, धावावीत, रात्री चकवा लागून घाबरावीत, आणि मग कोणीतरी त्यावर लिहावे, ही आमचीही इच्छा आहे.

पण ‘रिकामी जागा आहे, वापरू या’ हे वाक्य खाणवाला म्हणतो, प्रकल्पवाला म्हणतो, आणि धावणाराही तेच म्हणू लागला तर त्यांच्यात फरक फक्त ओझ्याचा उरतो. शिवाय शर्यत एका दिवसाची असली तरी तिची रेघ एका दिवसाची नसते. हल्ली ती महाजालावर चढते आणि कायमची राहते. पुढच्या आठवड्यात दुचाकीवाले त्याच रेघेने येतात, महिन्याभरात चारचाकीवाले. ज्या कातळाला कुंपण नाही, पाटी नाही, राखण नाही, त्याचा पत्ता असा उघड्यावर टाकणे आम्हांला बेजबाबदारपणाचे वाटते. म्हणून आमची शिफारस आहे, की शिल्पांच्या जवळचे टप्पे धावपटूंना आधी देऊच नयेत. तेथे त्या गावचा वाटाड्या उभा असावा आणि त्याने तोंडाने वाट सांगावी. वेळ थोडा जाईल. जाऊ द्यावा. आणि खुणांसाठी रंग-चुना काही नको, कापडाच्या चिंध्या बांधाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सोडून आणाव्यात.

फुरश्यांचा मुद्दा आम्ही अहवालात शेवटी टाकला होता, पण धावपटूंच्या बैठकीत त्यावरच सर्वाधिक चर्चा झाली. हा साप सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहतो आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. रात्री दगडावर बसू नये, हात टेकू नये, एवढे सांगून आम्ही पुढे गेलो. मंडळी तेथेच अडकून राहिली. साहित्याच्या तासाला नेमके असेच होते.

मूळ रेघ 62 किलोमीटरची होती. आता ती 71 झाली आहे, कारण ती पाणी धरून जाते, दोन कातळांना वळसा घालते आणि भाताच्या खळग्यांच्या बांधावरून फिरते. पूर्णगडला पुलाऐवजी होडीने खाडी ओलांडावी की काय यावर मतभेद आहेत. होडीत बसलेला माणूस धावत नसतो, असे एका पक्षाचे म्हणणे, आणि पूल होण्याआधी सगळेच होडीने जात, असे दुसऱ्याचे. यंदाच्या हिवाळ्यात शर्यत नाही. मित्रमंडळी थोडी रुसली आहेत. त्या आजोबांनी देवाच्या गोठण्याकडची आणखी एक पाखाडी सांगितली आहे. ती त्यांनी स्वतः चाळीस वर्षांत चाललेली नाही, पण पहिला पाऊस पडून गेला की तिच्यावरचे गवत दोन्ही बाजूंहून आधी उगवते आणि मधला पट्टा आठवडाभर तसाच तांबडा राहतो, असे ते म्हणतात. तेवढ्या आठवड्यात ती दिसेल. मृगाच्या सुमारास आम्ही जाणार आहोत.